ठोसा आधी की पकड आधी

अविनाश,

शेवटच्या वर्षात तू मला बौशरच्या वाळूत जेवढ्या वेळा पाडलंस, त्यातल्या बहुतेक वेळा मी आपण होऊन पडलो होतो.

हे वाक्य तोंडात धरून मी बरेच दिवस हिंडलो. दुकानात गिऱ्हाईक पाइपाचा भाव विचारायचं आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. आता मेधावहिनींना सांगून झालंय, तुझ्या ईरालाही कळलंय. राहिलास तू. खरं तर पहिला हक्क तुझाच होता. पण तू समोर होतास तेव्हा मी गप्प बसलो, आणि आता बोलायला बसलोय तर तू नाहीस. माझं सगळं असंच उशिरा, हे तू पहिल्यापासून म्हणत आलास. त्या दोघी ईराची बारावी संपली की मस्कत सोडतील. त्याआधी त्यांना खरं सांगितलं तर त्या घराशी माझं काही उरेल का, आणि नाही सांगितलं तर जे उरेल त्याला काही अर्थ असेल का, या कात्रीत मी होतो. त्याचं काय झालं ते तुला सांगायचंय.

तुझ्या कामाबद्दल, तू उभारलेल्या पुलांबद्दल बाकीचे लिहितील. मला त्यातलं कळत नाही. मला ठाऊक आहे तो शुक्रवार सकाळचा अविनाश. चष्मा गाडीत काढून ठेवलेला, कंबरेला पकडीसाठी माझ्याच दुकानातला सुती दोर गुंडाळलेला, आणि अंगात नसलेला आवेश चेहऱ्यावर आणून उभा.

आपली ओळख झाली ती रबराच्या शीटवरून. तुझी साइट तेव्हा सोहारच्या बाजूला होती. मस्कतला परतताना तू सहमला थांबलास आणि आमच्या अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, जे दुकान मी सांभाळतो तिथे येऊन हिंदीत विचारलंस, जाडी रबर शीट मिलेगी क्या, गिरने के लिए. मी विचारलं, क्या गिरनेवाला है. तू म्हणालास, मैं. मी शीट मोजत असताना घरून फोन आला आणि तू मराठीत सांगायला लागलास की अगं मिळाली, आता हाडं मोडणार नाहीत. तेव्हा मी मराठीत विचारलं, साहेब, तुम्ही नक्की करता काय? तू काउंटरवरचं कॅलेंडर उलटं केलंस आणि मागच्या कोऱ्या बाजूवर झटापट करणारी दोन माणसं काढलीस. त्यातल्या एकाला तीन पाय होते. मी म्हटलं, तीन पाय असल्यावर शीट कशाला लागते? हर्णैहून इथे आल्यापासून गिऱ्हाइकाशी मी केलेली ती बहुधा पहिली थट्टा असेल. एरवी मी 'आहे', 'नाही' आणि 'उद्या येईल' यांवर महिना काढतो.

तुझ्या ऑफिसातला उवे नावाचा जर्मन होता. त्याच्या गॅरेजमध्ये चार-पाच जण जमून युरोपातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या लढाईच्या विद्येचा अभ्यास करायचात. जुन्या हस्तलिखितांतली चित्रं, चित्रांखाली दोन-दोन ओळी. उवे त्या ओळींचा अर्थ लावायचा आणि तुम्ही ते अंगाने करून बघायचात. मूळ विद्या तलवारीची, पण तलवार कस्टममधून कोण सोडवणार, या भीतीने तुम्ही नुसत्या हातांवर आला होतात. पुढच्या शुक्रवारी मी शीट पोचवायला आलो आणि राहिलोच. मग उवे मायदेशी गेला, गॅरेज गेलं, बाकीचे पांगले. गुरुवार-शुक्रवारची सुट्टी जाऊन शुक्रवार-शनिवारची झाली त्या सुमाराला आपण दोघंच उरलो होतो. तेव्हा आपण मस्कतच्या कडेला बौशरच्या वाळूच्या टेकड्यांवर आलो. तिथे पडायला पैसे लागत नव्हते, आणि फजरच्या नमाजानंतर तासभर बाइक उडवणारी पोरंही नसायची.

हे सगळं काय आहे ते लोकांना सांगताना तुझी पंचाईत व्हायची. कुस्ती म्हणावं तर ठोसे आहेत, बॉक्सिंग म्हणावं तर पाडापाडी आहे. मराठी मंडळाच्या जेवणात कोणीतरी विचारलं तेव्हा वहिनींनी एका वाक्यात सोडवलं. म्हणाल्या, हे दोघं पुस्तकात बघून मारामारी करतात, तीसुद्धा हळूहळू.

मला त्या चित्रांतल्या माणसांची तोंडं फार आवडायची. एकाचा डावा हात दुसऱ्याच्या कंबरपट्ट्यावर, उजवी मूठ त्याच्या छातीवर, एक पाय मागून अडकवलेला, आणि दोघांचे चेहरे असे की जणू बँकेत रांगेत उभे आहेत. आपण ठोसे मारणारा वेगळा आणि धरून पाडणारा वेगळा असं समजत आलो. त्या लोकांनी दोन्ही एकाच माणसाला शिकवलं होतं. छातीवर ठोसा बसला की माणूस दुमडतो, त्याचं वजन टाचांवर जातं, आणि टाचांवर गेलेल्या माणसाला उलथवायला मागे घातलेला एक पाय पुरतो. ठोशाने माणूस पडत नाही, पाडण्याजोगा होतो, असं तू म्हणायचास. असली वाक्यं तू गाडी चालवताना बोलायचास आणि हमखास वळण चुकायचास.

आपलं भांडण होतं ते एवढंच, की आधी काय. तू कॉलेजात कराटे केलेला. तुझं म्हणणं ठोसा आधी, समोरचा गडबडला की मग धरायचं. माझं म्हणणं पकड आधी. मी काही तालमीत वाढलेला नाही, पण लहानपणी होडीवर दोर ओढलेत. दोर हातात नसेल तर बाकी सगळा नाच. मोकळ्या माणसाला ठोसा मारलास तर तो पाऊलभर मागे जाईल आणि तुझ्याकडे बघून हसेल. धरलेला माणूस कुठे जाणार? चित्रं काही सांगायची नाहीत. चित्रात दोन्ही हात पोचलेले असायचे. त्याआधी काय झालं ते चित्रकाराने आपल्या नशिबावर सोडलेलं. मदिनत सुलतान काबूस वसाहतीतल्या तुझ्या घरात, मी सहमहून बर्फात घालून आणलेली सुरमई वहिनी तळत असताना, तू मिठाची बाटली आणि लोणच्याची बरणी यांची कुस्ती लावून मला पटवायचास. मी 'बघू' म्हणायचो. तुला माझ्या 'बघू'चा फार राग. "अरे नाही म्हण, हो म्हण, शिवी दे. बघू काय?" असं तू ओरडायचास आणि ईरा आतून विचारायची, "हू इज विनिंग?"

एक नियम उवेने घालून दिला होता. सरावात ठोसा खरा मारायचा नाही, अंगाला टेकला की थांबवायचा. मग ज्याला टेकला त्याने, तो खरा बसला असता तर अंग जसं वागलं असतं तसं वागायचं. छातीला टेकला तर दुमडायचं, हनुवटीखाली टेकला तर मान मागे टाकायची. म्हणजे ही सगळी विद्या सरावात समोरच्याच्या इमानावर उभी. कमी केलं तरी खोटं, जास्त केलं तरी खोटं. उवेला मी एकदाच रागावलेला पाहिला, कोणीतरी उगाच पडलं तेव्हा. तो त्याला म्हणाला की तू आत्ता त्याचा हात बिघडवलास.

मी इमानाने वागायचो. एकदा जरा जास्तच. तुझा ठोसा आला, टेकला, आणि मी जागचा हललो नाही. काय झालं म्हणून तू विचारलंस, तर मी म्हटलं, काही झालंच नाही, हा ठोसा नव्हे, फाइलवरचा शिक्का आहे. मला वाटलं तू हसशील. तू दोर सोडलास, गाडीत बसलास, आणि पुढचे काही शुक्रवार तुला ऑफिसची कामं निघाली. तू काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. त्या शुक्रवारी मी दुकानामागच्या खोलीत पडून पंख्याकडे बघत होतो. बायको-मुलं हर्णैला, इथे माझं म्हणावं असं आठवड्यात तेवढंच एक होतं. मग एका गुरुवारी तुझा मेसेज आला, 'उद्या?' मी त्या रस्त्यावर निघालो तेव्हाच ठरवून टाकलं की आता याच्यापुढे तोंड उघडायचं नाही.

म्हणून ईदेनंतर तुझा डावा हात सुटायला लागला तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

आधी वाटलं दोर घामाने निसटतोय. मग लक्षात आलं, बोटं दोरावर असतात पण दोर धरलेला नसतो. मला ते कळणार नाही तर कोणाला? होडीवर ज्याचा हात असा लागतो त्याला दुसऱ्या कामाला लावतात. तू उजवी मूठ टेकवायचास, मी दुमडायचो, तुझा पाय मागे यायचा, आणि ज्या डाव्या हाताने मला फिरवायचं तो हात माझ्या कंबरेवर नुसता ठेवलेला असायचा. मी उभा राहू शकलो असतो, सहज. पण मी पडायचो. पहिल्यांदा म्हटलं आज हा दमलाय, पडू. मग ते अंगवळणीच पडलं. आणि तू इतका खूश असायचास, अविनाश.

खरी वाईट गोष्ट पुढेच आहे. तू भांडण जिंकायला लागलास. एका शुक्रवारी, मला पाडून झाल्यावर, तू वाळू झटकत म्हणालास, "बघ नझीर, आज मी तुला नीट धरलंसुद्धा नव्हतं. पकडीची गरजच नाही. आधी ठोसा, मग जमलं तर हात."

मी म्हटलं, "बरं."

इतक्या वर्षांचं भांडण, आणि मी 'बरं' म्हटलं. तुला तिथेच संशय यायला हवा होता. पण तू असा हरखलास की मला घेऊन घरी गेलास आणि उवेला लांबलचक मेल लिहिलीस. त्याने उलट कळवलं की हे त्याला नवीन आहे, करून बघेन. म्हणजे जर्मनीत कुठल्याशा गॅरेजात दोन माणसं तुझ्या बधिर बोटांवर उभा राहिलेला सिद्धांत तपासत होती. बाकीच्या गोष्टी एकवेळ सांगून मोकळं होता येईल, पण तुझा तो मेल लिहितानाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू मला मोठ्याने वाचून दाखवत होतास आणि मी मान डोलवत होतो.

त्या दिवसांत तुझ्या हातून करक चहाचा ग्लास पडला. टपरीवाला मलबारी म्हणाला, साब, नींद नहीं हुआ क्या. तू हसलास, मीही हसलो. सहमला परतताना बातिनाच्या रस्त्यावर मी गाडीत मोठ्याने बोलून बघायचो: अविनाश, हा हात कोणाला तरी दाखव. गाडीत छान जमायचं. पुढच्या शुक्रवारी तू दोराची गाठ मारत असायचास, तिला वेळ लागत असायचा, आणि मी म्हणायचो, यल्ला, चल, ऊन चढेल.

का नाही बोललो, याचं उत्तर मी बरेच दिवस असं दिलं की तुला वाईट वाटलं असतं. ते खरं नाही. मला भीती होती शुक्रवार जाण्याची. तू डॉक्टरकडे गेला असतास, डॉक्टर म्हणाला असता हे बंद करा, आणि मी पुन्हा पंख्याखाली. तुझ्या हातापेक्षा मला माझा शुक्रवार मोठा वाटला. एवढंच आहे ते. सजवून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मग तू ऑफिसात मीटिंग चालू असताना कोसळलास आणि डोक्यात गाठ निघाली. तुला पुण्याला नेलं. आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी तिथल्या डॉक्टरांना जिन्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला हो तरी हवं होतं नाहीतर नाही तरी. दोन्ही मिळालं नाही, आणि आता मिळणारही नाही. हे असंच घेऊन राहायचं आहे, इतपत मला समजलंय.

मी रजेवर आलो आणि हर्णैहून तुला भेटायला आलो तेव्हा तू लोकरीची टोपी घालून पडला होतास. मला बघून उजवी मूठ पुढे केलीस आणि पलंगावरूनच माझ्या छातीला टेकवलीस. मी दुमडलो. तेवढं इमानाने. तू म्हणालास, "बरा झालो की नीट लिहून काढू, शेठ. दोघांच्या नावाने." मी म्हटलं, "इन्शाल्ला." वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. खोलीत आपण दोघंच. सांगायला याहून बरी वेळ आली नसती. मी तुला मोसंबी सोलून दिली.

तू गेलास, आणि वहिनी ईराला घेऊन परत मस्कतला आल्या. तुझ्या नोकरीवर त्यांचा व्हिसा, पण कंपनीने परीक्षेपर्यंत घर राहू दिलं. मी दुकानातले रिकामे खोके घेऊन सामान बांधायला जायला लागलो. एका दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर काचेचे पेले जुन्या पेपरात गुंडाळत होतो. ईरा आत अभ्यासाला बसली होती. मला वाटलं, आत्ता नाही तर हे खोके पुण्याला जातील आणि फोनवर मला जन्मात जमणार नाही.

मी म्हटलं, "वहिनी, अविनाशचा हात गेलाय हे मला आधीच कळलं होतं."

"कधी?"

"ईदेनंतर. तो ऑफिसात पडला त्याच्या कितीतरी आधी. त्याची पकड लागत नव्हती. मी पडत राहिलो, त्याला कळू नये म्हणून. कोणाला बोललो नाही."

त्यांनी हातातला पेला गुंडाळून खोक्यात ठेवला, दुसरा घेतला. तोही गुंडाळला. मग म्हणाल्या, "माझ्याकडून शर्टाची बटणं लावून घ्यायचा. मला वाटलं, पन्नाशीला लाडात आलाय. मी लावायचे. मला आवडायचंसुद्धा."

मी उठलो, तर त्यांनी हाताने बसा म्हणून खूण केली. "मी तुम्हाला माफ वगैरे केलं असं म्हणणार नाही, नझीरभाई. आत्ता नाही जमणार. पुढे जमेल का, माहीत नाही. पण जेवून जा. आमटी जास्त झालीय, माझा हात अजून तिघांच्या अंदाजाने चालतो."

ईरा दारात उभी होती. केव्हापासून, ते मला कळलं नाही. तिचं मराठी तुला माहीतच आहे, चाचपडत येतं, पण त्या दिवशी नेमकं आलं. "चाचा, म्हणजे बाबा जिंकत नव्हते?"

"नाही."

"तुम्ही जिंकू देत होतात."

"हो."

"ही वॉज सो हॅपी," ती म्हणाली आणि खोलीत गेली. जेवायला आली नाही. मी आमटी-भात खाल्ला, पानात काही टाकलं नाही, आणि गाडी काढली. खलास, असंच वाटलं मला. पण खरं सांगू का, त्या रस्त्यावर पहिल्यांदाच मला गाडीत मोठ्याने काही बोलावंसं वाटलं नाही.

आठवडा असाच गेला. आणि गुरुवारी तिचा मेसेज. 'फ्रायडे बौशर. आई ड्राइव्ह करेल. बाबांनी शिकवलेलं मला करायचंय. पण तुम्ही पडायचं नाही. आय मीन खोटं पडायचं नाही.'

तू तिला तुमच्या लॉनवर हे सगळं दाखवलंयस हे मला ठाऊक होतं. किती नीट दाखवलंयस, ते वाळूत कळलं. उभं राहणं तुझंच, गुडघे किंचित मोडून, ठोशाआधी श्वास घेताना खांदे वर घेण्याची तुझी वाईट सवयसुद्धा तीच. वहिनी घडीच्या खुर्चीत बसल्या, डोक्यावरून ओढणी घेऊन, मांडीवर ईराची फिजिक्सची वही. मधूनमधून तिथूनच एखादी व्याख्या विचारायच्या आणि ही पोरगी माझ्या कंबरेचा दोर धरून उत्तर द्यायची.

आम्ही नियमात एक भर घातली, म्हणजे तिने घातली. प्रत्येक ठोशानंतर ती विचारणार, लागलं? मी हो किंवा नाही सांगणार. 'बघू' चालणार नाही, हे तिने वेगळं बजावलं. तुझ्याकडूनच ऐकलं असणार.

"लागलं?"

"नाही."

"लागलं?"

"नाही. हात पोचला, अंग मागे राहिलं."

मला वाटायचं खरं बोलायला फक्त धीर लागतो. तसं नाही, अविनाश. सतरा वर्षांची, बाप नुकता गेलेली मुलगी डोळ्यांत पाणी आणून विचारते, आणि आपण नाही लागलं असं सांगायचं, परत सांगायचं, आणि तरी पुढच्या वेळी ती विचारेल असं तोंड ठेवायचं. हे मला येत नव्हतं, अजूनही नीट येत नाही. एकदा वहिनी खुर्चीतून म्हणाल्या, "एकदा पडा हो." आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवला. ईराने वळूनही पाहिलं नाही. "आई, डोन्ट," एवढंच म्हणाली.

तिने तुझी पद्धत करून बघितली. आधी ठोसा. मी पाऊलभर मागे गेलो आणि तिच्या हाताला वारा लागला. तू चुकला होतास हे सिद्ध झालं म्हणून मी मनातल्या मनात जरा सुखावलो, आता तुझ्यापासून काय लपवू. मग तिने माझी पद्धत केली. आधी पकड. तिचं वजन ते किती, मी तिचं मनगट काढून बाजूला ठेवलं, जसं आपण सोफ्यावरची उशी ठेवतो. म्हणजे मीही चुकलेलाच. वाळूत बसून मी दोन मिनिटं हसत होतो. तिला कळेना काय झालं. मी तिला आपलं सगळं भांडण सांगितलं, मिठाच्या बाटलीसकट. ती म्हणाली, "सो मेनी इयर्स, चाचा? सीरियसली?"

उवेला मी मेल लिहिली. इंग्रजीत लिहायला मला शुक्रवार-शनिवार दोन्ही लागले. जे झालं ते सगळं कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं. तुझ्याबद्दल त्याने जे लिहिलंय ते वहिनींना वाचून दाखवलं, ते त्यांच्यापाशीच राहू दे. शेवटी एक ओळ होती, की बरं झालं सांगितलंत, आम्हाला ते काही केल्या जमत नव्हतं.

बाकी मी बोलायला लागलोय. परवा दुकानातल्या माझ्या जोडीदाराला सांगितलं की तुला आकडे दिसत नाहीत, डोळे तपास. चिडला. चिडू दे. बायकोला फोनवर विचारलं की जिना चढताना मध्ये थांबतेस का. ती म्हणाली, तुम्हाला तिथे बसून कसं कळलं? मला बोलण्यात तिचा श्वास ऐकू येत होता, कितीतरी दिवस येत होता. दापोलीला डॉक्टरकडे जाऊन आली. औषध सुरू आहे. यात मोठं काही नाही, पण तुला सांगावंसं वाटलं.

आणि आता गेल्या शुक्रवारचं. परीक्षा आठवड्यावर आली होती, वहिनी येऊ देतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. म्हणाल्या, तासभर, मग परत अभ्यास. ईराने दोर बांधला, तुझ्यासारखी उभी राहिली, आणि पुढे आली. मी तिच्या ठोशाची वाट बघत होतो. मग वाटलं पकड येतेय. दोन्ही एकदम आले. डावा हात दोराला लागला आणि ओढू लागला त्याच क्षणी उजवा छातीवर. खरा मारला नव्हता, टेकवलाच, पण तिचं सगळं अंग त्याच्यामागे होतं. माझी कंबर पुढे येतेय, छाती मागे जातेय. मी कुठे लक्ष देऊ हे ठरायच्या आत माझं वजन टाचांवर गेलं होतं आणि तिचा पाय तिथे आधीच येऊन थांबला होता. मी सावरायला बघितलं, अविनाश. तुझी शपथ, सगळी ताकद लावून बघितलं. मी काही केलं नाही असं म्हणायला जागा नाही. पाठीवर पडलो तो असा की वाळूचा धप्प आवाज खुर्चीपर्यंत गेला असावा, कारण वहिनी उभ्या राहिलेल्या मला उलट्या दिसल्या, वही खाली पडलेली.

ईरा माझ्यावर वाकली. घाबरली होती, आणि चेहऱ्यावर घाबरण्याच्या आतून दुसरंच काहीतरी वर येत होतं.

"चाचा," ती म्हणाली, "खरं पडलात?"

मला सांगायचं होतं. पण उत्तर द्यायला अंगात श्वासच नव्हता.